मिटल्या डोळ्यांची सभा

माणूस डोळे कधी मिटतो, यातलं मला थोडंफार कळतं. मी दातांची डॉक्टर आहे. खुर्ची मागे झुकली आणि दिवा तोंडावर आला की बहुतेक सगळे, मी हातात काही घ्यायच्या आधीच, डोळे मिटून घेतात. दुखेल म्हणून नाही, कारण उघड्या डोळ्यांनीही तेवढंच दुखतं. पुढे जे काही होईल ते आपल्या देखत झालं नाही, असं स्वतःला सांगता यावं म्हणून. थोडे लोक असतात जे टक्क जागे राहतात, सगळं विचारतात आणि बिल देताना हुज्जत घालतात. मला तेच आवडतात. आमच्या पक्षाच्या शाखेत तसला एकही नव्हता.

शाखा माझ्या थोरल्या भावाने उभी केली. मी त्याला दादा म्हणते. बाकीचे त्याला ‘थोरले’ म्हणायचे, अजूनही म्हणतात, फक्त आता आवाज खाली करून. शाखेतली मतदानाची रीतही त्याचीच. फार पूर्वी कुठल्याशा ठरावावर हात वर करून मतं घेताना दोन साडू एकमेकांच्या विरोधात गेले आणि सभा सुटल्यावर जिन्यात त्यांनी एकमेकांची गचांडी धरली. पुढच्या सभेत दादा म्हणाला, यापुढे अध्यक्ष सोडून सगळ्यांनी डोळे मिटायचे, मगच हात वर करायचे. अध्यक्ष मोजेल आणि निकाल सांगेल. कोणी कोणाकडे बघायचं नाही, नंतर कोणी कोणाला विचारायचं नाही. लोकांना ही कल्पना इतकी आवडली की दुसऱ्या शाखांची माणसं ती बघायला यायची. बघायला म्हणजे काय, तीही येऊन डोळेच मिटायची.

मला तेव्हाच हसू आलं होतं. लहानपणी लपाछपी खेळताना दादावर राज्य आलं की तो भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने आकडे म्हणायचा आणि बोटांच्या फटीतून सगळं बघायचा. आम्हाला ते माहीत होतं. तरी आम्ही पुन्हा पुन्हा त्याच जागी लपायचो.

पुढे व्हायचं ते झालं. सभासदांनी वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून सभागृहासाठी वर्गणी दिली होती. सभेची मोठी खोली, वाचनालय, आणि एक लहान दवाखाना. त्या दवाखान्यात मी आठवड्यातून एकदा फुकट दात बघणार होते, आणि त्या भरवशावर माझ्या रुग्णांकडूनही वर्गणी गोळा केली होती. तोंडात कापूस असलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. दादाने तो निधी उचलून शहराबाहेर स्वतःच्या नावाने जमीन घेतली, त्या जमिनीपायी कर्ज काढलं, आणि शेवटी ना जमीन हाताशी राहिली ना पैसा. सभागृहाच्या भिंती आणि स्लॅब, काम तिथेच थांबलं. गिलावा नाही, दारं-खिडक्या नाहीत, आणि जिना वर जाऊन आभाळात संपतो.

शाखेने दादाला काढलं आणि मोडकी मोट पुन्हा बांधायला घेतली. शाखेचे चिटणीस वकील आहेत. ते एका दुपारी माझ्या दवाखान्यात आले आणि रुग्णांच्या बाकावर बसून म्हणाले, “डॉक्टरबाई, अध्यक्ष तुम्ही व्हा.”

“मी? त्याची सख्खी बहीण?”

“म्हणूनच. बहीणच तक्रार करतेय म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसेल.”

वकिलांचं डोकं असं चालतं. पण मी हो म्हटलं, कारण दादाचा मला संताप आला होता. तो माझ्याच घरात, वरच्या मजल्यावर राहत होता. वहिनी बदनामी सहन न होऊन लेकीकडे निघून गेली होती, आणि त्याला उपाशी ठेवणं मला काही जमेना. रोज सकाळी मी त्याच्यापुढे चहाचा कप आदळायचे. तो बशीत सांडलेला चहाही निमूटपणे पिऊन टाकायचा.

“अडचण एकच आहे,” वकील म्हणाले. “त्यांच्याकडे जुना ठराव आहे, त्या सभेला तुम्ही नव्हतात. सभागृहाचा निधी थोरल्यांनी योग्य वाटेल तसा वापरावा. एकमताने मंजूर. तो ठराव उभा आहे तोवर ते चोर ठरत नाहीत. तुम्हीच दिलं, त्यांनी घेतलं.”

“मग?”

“मग शाखेनेच आता ठराव करायचा, की तेव्हा असं काही मंजूर झालंच नव्हतं आणि आम्ही पोलिसांत तक्रार करतोय. वरच्या कार्यालयाने महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. नाही झालं तर शाखा बरखास्त, आणि सभागृहासाठी दिलेली जागा नगरपालिका परत घेणार.”

म्हणजे एकीकडे शाखा आणि ते अर्धवट सभागृह, दुसरीकडे माझ्या भावाचा तुरुंग. मी वकिलांना म्हटलं, ठराव होईल. माझ्या मनात तेव्हा तसूभरही शंका नव्हती.

भाड्याचं कार्यालय सुटलं होतं, म्हणून आम्ही त्या अर्धवट सभागृहातच जमायला लागलो. सामान हलवताना लोकांनी दादाचा फोटो टाकला, त्याची खुर्ची टाकली, त्याच्या नावाचे कागद फाडले. त्याने दिलेला पाण्याचा माठसुद्धा कोणीतरी रागाने फोडला. राहिली फक्त मतदानाची रीत. तेवढी एक गोष्ट स्वच्छ आहे, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि मीही मान डोलावली.

पहिली सभा रविवारी दुपारी झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. जमिनीवर सिमेंटची भुकटी इतकी होती की चालताना पायाखाली कुरकुर व्हायची, आणि घरी गेल्यावर चपला झटकल्याशिवाय आत पाऊल टाकता यायचं नाही. खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती. त्यातून ऊन आत यायचं, पण कोपऱ्यांपर्यंत काही पोहोचायचं नाही. माझ्या टेबलाच्या डावीकडे दवाखान्याच्या खोलीचं दार व्हायचं होतं. तिथे रिकामी चौकट होती आणि आत अंधार.

विषय अगदी साधा होता. यापुढे निधीच्या खात्यावर दोघांच्या सह्या लागाव्यात. मी म्हटलं, “डोळे मिटा.” सगळ्यांनी मिटले. अध्यक्षाच्या जागेवरून ते दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. इतकी वर्षं मीही खाली बसून मिटणाऱ्यांतलीच होते. माझे सगळे रुग्ण एकदम समोर येऊन बसावेत तसं मला वाटलं, आणि मी पाणी प्यायले.

ग्लास खाली ठेवून बघते तर हात वर होते. एकूण एक. मी अजून विषय वाचलाच नव्हता.

“थांबा, अजून सांगायचंय,” मी म्हटलं. कोणीच हात खाली घेतला नाही. मी घाईघाईने विषय वाचला, मोजल्यासारखं केलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, “विरोधात?” वर असलेले हात वरच राहिले. काहींचे थरथरायला लागले होते. शिंपीणबाईंनी तर दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला, पण हात खाली घेतला नाही. आणि तेव्हा मला दिसलं की त्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे नव्हतीच. मिटल्या डोळ्यांनी सगळे किंचित माझ्या डावीकडे, त्या चौकटीकडे वळलेले होते. मी कसंबसं म्हटलं, “मंजूर.” डोळे उघडले, हात खाली आले, आणि बेकरीवाले काका म्हणाले, “चला, सुरुवात तर छान झाली.”

घरी आल्यावर मी वर गेले. दादा खिडकीशी बसला होता. शेजारी रेडिओ चालू होता, पण आवाज पार बंद. नुसता दिवा पेटलेला. गुडघ्यांचं निमित्त करून तो किती दिवसांत जिना उतरला नव्हता.

“किती हात?” त्याने विचारलं.

“तुला काय करायचंय?”

“सगळे ना?”

“हो.”

“आणि विरोधात विचारलंस तेव्हा?”

मी त्याच्याजवळचा रिकामा कप उचलला.

“तेव्हाही सगळेच,” तो म्हणाला. “खाली घेत नाहीत गं. दमतात, पण घेत नाहीत. आणि तोंड डावीकडे.”

“तिथे आधी तुझी खुर्ची होती का? म्हणजे जुन्या कार्यालयात?”

“छे. मी तुझ्यासारखाच मधे बसायचो. डावीकडे नुसती भिंत होती.” त्याने रेडिओची बटणं उगाच फिरवली. “मीही पुष्कळ दिवस शोधत होतो, तिथे काय आहे ते. मग सोडून दिलं. तूही सोड.”

मी खाली येऊन दार लावलं. दादा माणसांना ओळखतो, म्हणून त्याला सगळं ठाऊक असतं, असं मी स्वतःला समजावलं. झोप मात्र आली नाही.

त्यानंतर माझ्या दवाखान्यात एक वेगळाच प्रकार सुरू झाला. सभासद दात दाखवायला यायचे आणि खुर्चीत बसता बसता हळूच म्हणायचे, “डॉक्टरबाई, एक सांगू? थोरल्यांना निधी द्यायचा ठराव आला ना, तेव्हा मी विरोधात हात वर केला होता.” पहिल्यांदा बेकरीवाले काका म्हणाले. त्यांची दाढ किडली होती, पण बोलायची घाई दाढेपेक्षा जास्त. मला बरं वाटलं, म्हटलं, एक तरी माणूस निघाला. मग शिंपीणबाई म्हणाल्या. मग वकील. मग बसचा जुना चालक, मग त्याची बायको, मग छापखानेवाले. करता करता शाखेतली सगळी माणसं येऊन गेली, आणि त्यातलं प्रत्येक जण त्या दिवशी विरोधात होतं. एकजात सगळे. बाकीच्यांनी घात केला म्हणायचे.

मला आनंद व्हायला हवा होता. सगळेच विरोधात होते म्हणजे दादाने धडधडीत खोटा निकाल सांगितला, माणसं निर्दोष होती, आणि आता हेच लोक तक्रारीच्या बाजूने हात वर करतील. पण प्रत्येक जण हे सांगताना, मी आरसा तोंडात घालायच्या आधीच, डोळे मिटून घ्यायचा. मिटून सांगायचा. ते काही माझ्या मनातून जाईना.

शेवटी मी दादालाच विचारलं. ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि दाराला टेकून उभी राहिले.

“खरं सांग. त्या दिवशी बाजूने किती हात होते?”

“एकही नाही,” तो म्हणाला.

मला हायसं वाटलं. भावाची चोरी पक्की झाली आणि मला हायसं वाटलं, त्याचंही नंतर वाईट वाटलं. “म्हणजे सगळे विरोधात.”

“विरोधातही एकही नाही.”

“असं कसं होईल?”

“मलाही हेच वाटलं. मी पुन्हा विचारलं. बाजूने? विरोधात? सगळ्यांचे हात मांडीवर. एरवी झटक्यात वर जाणारी माणसं. मी थांबलो. म्हटलं, कोणी खोकेल, कोणी एक डोळा किलकिला करेल, तर मी तिथेच सोडून देईन. देवाशपथ सोडून दिलं असतं.” त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. “कोणी हललं नाही. मग मी म्हटलं, एकमताने मंजूर. सगळ्यांनी डोळे उघडले आणि टाळ्या वाजवल्या. काय टाळ्या वाजवल्या गं.”

“तू खोटं बोलतोयस.”

“असेन. पण बघितलं मी एकट्याने. आता तू कोणाला विचारणार?”

चोरी ती चोरी आणि वर ही तऱ्हा. मी त्याला नाही नाही ते बोलले. आईबाबांची नावं काढून बोलले. तो ताटाकडे बघत राहिला, आणि मी जिना उतरायला लागले तेव्हा मागून म्हणाला, “तक्रारीचा ठराव घे. मी पळून जाणार नाही. पण त्यांचे हात तू एकटीने बघू नकोस.”

ते मात्र मला पटलं. मी ठरवलं, या वेळी डोळे उघडे ठेवूनच मतं घ्यायची. एकमेकांकडे बघत, काय असेल ते असो.

मुदतीतल्या शेवटच्या रविवारी सभा भरली. झाडून सगळे आले होते. चालकाची बायको घरून फडकं आणून खुर्च्या पुसत होती, छापखानेवाल्यांनी नव्या पावत्या छापून आणल्या होत्या, आणि त्या दुपारी मला त्या सगळ्यांची खरंच माया वाटली. या उघड्या विटांच्या खोलीत ती माणसं पुन्हा येऊन बसत होती. इतकं झाल्यावर दुसऱ्यांनी कधीच पाठ फिरवली असती.

वकील तक्रारीचा मसुदा वाचायला उभे राहिले. त्यांचं वाचून झालं की उठायचं आणि सांगायचं, आज डोळे मिटायचे नाहीत, असं मी मनाशी घोकत होते. वकिलांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि खाली बसले. मी तोंड उघडलं तोवर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी काहीच म्हटलं नव्हतं.

“आज आपण...” मी सुरुवात केली आणि थांबले. समोर एकही हात वर नव्हता.

मला वाटलं, मी विचारलं नाही म्हणून. “थोरल्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार करावी, या ठरावाच्या बाजूने?” मी मोठ्याने म्हटलं.

सगळ्यांचे हात मांडीवर होते. वकिलांचेसुद्धा.

“विरोधात?”

कोणी हललं नाही. खिडकीच्या भोकातून वारा आला, पावत्यांचा एक कागद उडून जमिनीवर पडला, आणि तो उचलायलाही कोणी वाकलं नाही. तोंडं पुन्हा डावीकडे वळली होती. चेहरे इतके शांत होते की मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं.

“डोळे उघडा,” मी म्हटलं. “सगळ्यांनी डोळे उघडा आणि एकमेकांकडे बघा.”

कोणीही उघडले नाहीत. मी पुन्हा सांगितलं, मग अध्यक्षाच्या अधिकारात सांगितलं, मग विनवलं. उलट पापण्या घट्ट आवळल्या गेल्या, कपाळांना आठ्या पडल्या. मी टेबल सोडून त्यांच्यात गेले. पायाखाली भुकटी कुरकुरत होती. मी शिंपीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“झालं का मोजून?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“बाई, डोळे उघडा ना.”

“आधी निकाल सांगा. मग उघडते.”

मी पुढे गेले. बेकरीवाले काका मिटल्या डोळ्यांनीच हसले आणि माझा हात चाचपडत धरला. “सगळ्यांचे वर आहेत ना, डॉक्टरबाई? माझा आहेच हं.” त्यांचा दुसरा हात मांडीवर पालथा पडलेला होता. ते खोटं बोलत नव्हते, एवढं मला त्यांच्या बोटांवरून कळत होतं. त्यांना खरंच वाटत होतं की तो वर आहे.

मी पुन्हा टेबलाशी आले. दादा खरं बोलला होता. त्या दिवशी जुन्या कार्यालयात तोही असाच अध्यक्षाच्या जागी उभा होता, आणि त्याच्यापुढे हेच होतं. एक शब्द उच्चारला की सगळं मार्गी लागणार होतं. एकमताने. सगळे डोळे उघडतील, टाळ्या वाजवतील, शाखा वाचेल, गिलावा होईल, आणि माझा भाऊ तुरुंगात जाईल, जिथे त्याने जायलाच हवं. शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. तो खोटा होता एवढीच गोष्ट, आणि ती फक्त मला ठाऊक होती. नाही म्हटलं तर खरं बोलल्याचं समाधान मिळेल आणि ही सगळी माणसं रस्त्यावर येतील.

मी खाली बसले. आमच्या रीतीत अध्यक्षाला मत नसतं. म्हटलं, खड्ड्यात गेली रीत. मला तक्रार करायची होती, मनापासून करायची होती. मी माझा उजवा हात वर केला. आणि मग, का ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी डोळे मिटले. बहुधा ते चेहरे मला आणखी बघवेनात.

आता त्या खोलीत बघणारं कोणीच नव्हतं.

थोडा वेळ काही झालं नाही. खांदा भरून यायला लागला. मग समोर कुठेतरी कापडाचा आवाज आला, बाही घासते तसा. मग आणखी एक. खुर्ची करकरली. मला वाटलं, हात वर जाताहेत. वाटलं म्हणते. ते उठून निघून जात असतील, नाहीतर नुसते अंग सैल करत असतील. मी वाट बघत होते.

तेव्हा डावीकडून, त्या चौकटीच्या बाजूने, भुकटीवर पाऊल वाजलं.

“एक,” कोणीतरी हळूच म्हटलं. “दोन. तीन.”

लपाछपीतले आकडे म्हणायचा तो आवाज. घाई नाही, फक्त तेव्हासारखा मोठा नाही. पावलं खुर्च्यांच्या रांगेतून फिरत होती, मधेच थांबत होती, आणि आकडे पुढे जात होते. कोणी दचकलं नाही, कोणी विचारलं नाही. रांगा संपल्या. पावलं माझ्या टेबलापाशी आली, आणि वर धरलेल्या माझ्या बोटांना एक बोट लागलं, मोजताना लागतं तसं. थंड होतं.

“आणि तू,” तो म्हणाला.

मी त्या क्षणी डोळे उघडू शकले असते. हात किती वर आहेत, आहेत की नाहीत, तो खरंच तिथे उभा आहे का, हे सगळं एका दमात कळलं असतं. सगळ्या जगात ते बघू शकणारी मी एकटी होते. मी पापण्या आवळून धरल्या.

“तक्रारीच्या बाजूने,” आवाज म्हणाला. “एकमताने मंजूर.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी डोळे उघडले तेव्हा सगळ्यांचे हात टाळ्या वाजवत होते, त्यामुळे आधी ते कुठे होते हे कळायला मार्ग नव्हता. चौकटीत कोणी नव्हतं. आत जाऊन पाहिलं, वाळूचा ढीग आणि एक फुटकी बादली. जमिनीवर पावलंच पावलं होती, पण ती तर आम्हा सगळ्यांचीच.

“कोण बोललं आत्ता?” मी वकिलांना विचारलं.

“म्हणजे? तुम्हीच ना,” ते म्हणाले. त्यांनी मसुद्यावर माझी सही घ्यायला पेन पुढे केलं. शिंपीणबाई डोळे पुसत जवळ आल्या आणि माझा हात हातात घेतला. “काय ठणकावून सांगितलंत, डॉक्टरबाई. अगदी थोरल्यांचा आवाज लागला बघा तुमचा. शेवटी बहीण ना.”

मी सही केली.

घरी गेले तेव्हा दादा वर त्याच्या खिडकीशी होता. रेडिओ बंद होता, दिवासुद्धा. मी दारातच उभी राहिले. किती हात, हे त्याने विचारलं नाही, आणि मीही त्याला काही विचारलं नाही. “उद्या येतील ते,” एवढंच म्हटलं. तो म्हणाला, “माझे बूट काढून ठेव. चपलांत बरं दिसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ते आले आणि त्याला घेऊन गेले. खटल्यात सभासदांनी एकामागून एक साक्षी दिल्या, आणि तो कशालाही हरकत न घेता सगळं मान्य करत गेला. शाखा उभी राहिली. छान उभी राहिली, हे मला कबूल केलंच पाहिजे. सभागृहाला गिलावा झाला, खिडक्या बसल्या, दवाखान्याच्या खोलीला दार लागलं. मी तिथे आठवड्यातून एकदा दात बघते. सभा चालू असली की ते दार मी बाहेरून कडी घालून बंद ठेवते. त्या दिवशी आपण तक्रारीच्या बाजूने हात वर केला होता, असं आता सगळे सांगतात. मीही सांगते. माझा तर होताच.

दादाच्या चपला अजून जिन्याखाली आहेत, तो घालून गेला नाही म्हणून तशाच. त्यांच्या तळव्यांना सिमेंट लागलंय का, ते बघायला त्या नुसत्या उलट्या करायच्या. कामाला येणाऱ्या बाईंना मी सांगून ठेवलंय, सगळं घर झाडा, पण त्यांना हात लावू नका. आणि जिन्याशी आले की मी आपली भिंतीला धरून, डोळे मिटून तेवढ्या पायऱ्या चढते.